पडलेला कॉलेज फुटबॉल प्रोग्रॅम परत कसा उभा करायचा: नेब्रास्काच्या वीस वर्षांतून शिकलेलं

24 नोव्हेंबर 2023 चा शुक्रवार, थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस, नेब्रास्का युनिव्हर्सिटीचं लिंकनमधलं मेमोरियल स्टेडियम गच्च भरलेलं आणि थंडी अशी की हातमोज्यातही बोटं आखडलेली. आयोवाविरुद्ध 10-10, शेवटचे काही सेकंद, बॉल आपल्याकडे, म्हणजे नेब्रास्काकडे. गुडघा टेकवला असता तर ओव्हरटाइम मिळाला असता, पण पास टाकला आणि तो आयोवाच्या डिफेन्सिव्ह लाइनमनच्या हातात जाऊन पडला, मग त्यांच्या रनिंग बॅकने एका दमात 22 यार्ड काढले आणि घड्याळ संपता संपता 38 यार्डावरून फील्ड गोल, म्हणजे लाथेने मारलेले तीन पॉइंट. 13-10. हातातोंडाशी आलेला घास गेला. बाउल गेम, म्हणजे सीझन संपल्यावरची मानाची मॅच, खेळायला सहा विजय लागतात, आम्ही 5-3 होतो, म्हणजे पाच जिंकलेल्या आणि तीन हरलेल्या, आणि तिथून सलग चार हरलो, चारही सात किंवा त्याहून कमी पॉइंटने, त्यातला हा चौथा. माझ्या शेजारच्या सीटवर एक आजोबा बसतात, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून ती तिकिटं घरात आहेत. ते काही बोलले नाहीत, मांडीवरच्या लाल ब्लँकेटची घडी घालत बसले, बराच वेळ, अर्धं स्टेडियम रिकामं होईपर्यंत.

मी 2003 च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला लिंकनला आलो आणि नंतर ओमाहाला नोकरी धरून इथेच राहिलो, म्हणजे या पडझडीचा जवळजवळ सगळा काळ डोळ्यांसमोरचा. एवढ्या वर्षांत काय केलं की बिघडतं आणि काय केलं की जरा सुधारतं हे बघून बघून जे मनाशी पक्कं झालंय ते लिहून काढतोय. नेब्रास्काचं उदाहरण घेतोय कारण मला तेच जवळून माहीत आहे, पण ज्या ज्या कॉलेजचं नाव मोठं होतं आणि आता घसरलंय त्यांना यातलं बरंच लागू पडेल.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. इथे प्रोग्रॅम म्हणजे नुसती टीम नाही, कोच, प्लेअर, जिम, शाळाशाळांतून पोरं शोधणं म्हणजे रिक्रूटिंग, पैसा, फॅन्स असा सगळा संसार. नेब्रास्का हे जेमतेम वीस लाख वस्तीचं शेतीवाडीचं राज्य, एकही प्रोफेशनल फुटबॉल टीम नाही, म्हणून जे काही आहे ते हस्कर्स, म्हणजे नेब्रास्का युनिव्हर्सिटीची टीम. बॉब डेव्हेनीने 1970 आणि 1971 ला नॅशनल टायटल आणलं, त्यांच्यानंतर टॉम ऑस्बोर्नने 1994, 1995 आणि 1997 ला. ऑस्बोर्न 25 वर्षं हेड कोच होते, 255 जिंकले, 49 हरले, 3 बरोबरीत, आणि एकाही सीझनला नऊपेक्षा कमी विजय नाहीत. नोव्हेंबर 1962 पासून घरच्या मैदानावरची एकही मॅच हाउसफुल झाल्याशिवाय गेलेली नाही, चारशेच्या वर मॅच झाल्या. एवढी मागची पुण्याई. आणि 2017 ते 2023 सलग सात वर्षं साधा बाउल गेम नाही.

आधी वही घेऊन हिशोब मांडा

कोच शोधायच्या आधी हे काम करा, नक्की कधी आणि कुठे तुटलं ते लिहून काढा. माणसं खोटं बोलत नाहीत पण प्रत्येकाची तारीख वेगळी असते, कोणी म्हणतो 2011 ला बिग 12 ही कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, सोडून बिग टेनमध्ये गेलो आणि टेक्सासची पोरं मिळायची बंद झाली, कोणी म्हणतो ऑप्शन ऑफेन्स (क्वार्टरबॅक, म्हणजे एरवी पास टाकणारा, बॉल घेऊन स्वतः पळतो नाहीतर ऐन वेळी दुसऱ्याला देतो ती जुनी पद्धत) सोडला तिथेच संपलं. माझ्या वहीत पहिली तारीख 2003 चा नोव्हेंबर आहे.

फ्रँक सोलिच, ऑस्बोर्नच्या हाताखाली तयार झालेला माणूस, त्या वर्षी 9-3 होता. 2002 ला 7-7 झालं होतं हे खरं, 2001 च्या शेवटी कोलोराडोने 62 पॉइंट मारले आणि नंतर टायटल गेममध्ये मियामीने 37-14 ने धुतलं हे पण खरं, म्हणजे भिंतीला तडे दिसत होते. पण त्याने पुढच्याच वर्षी अर्धा स्टाफ बदलून टीम सावरली होती आणि सावरत असतानाच त्याला काढला, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणाले की प्रोग्रॅम सामान्य होऊ देणार नाही. मी तेव्हा लिंकनमध्ये जेमतेम तीन महिन्यांचा, मला खेळाचे नियमसुद्धा धड येत नव्हते, पण डिपार्टमेंटमधल्या लोकांचे चेहरे आठवतात. पुढच्या वर्षी नवा कोच, नवी पद्धत, 5-6, म्हणजे 1961 नंतरचा पहिला हरलेला सीझन आणि 35 वर्षं सलग चाललेले बाउल गेम बंद. 2007 ला कॅन्ससने 76 पॉइंट मारले. सोलिच नंतर ओहायो युनिव्हर्सिटीत गेले आणि त्या कॉन्फरन्सच्या इतिहासात सगळ्यात जास्त मॅच जिंकून रिटायर झाले.

तीच गोष्ट पुन्हा 2014 ला. बो पेलिनी दरवर्षी नऊ किंवा दहा जिंकायचे आणि दरवर्षी चार हरायचे, लोक कंटाळले, त्यांनाही काढलं. त्यानंतरचे तीन सीझन 19-19 आणि त्यानंतरचे चार सीझन आणि तीन मॅच मिळून 16-31. ऑस्बोर्न गेल्यापासून सहा हेड कोच झाले, त्याआधीच्या 36 वर्षांत दोन.

म्हणून वहीत पहिली ओळ ही लिहा की नऊ विजय आपोआप येत नाहीत, ते कोणीतरी कमावतो. पेलिनींची भाषा आणि मैदानावरचं वागणं बऱ्याच लोकांना खटकायचं, त्यांना बदलायचं कारण असू शकतं, मी नाही म्हणत नाही. पण बदलताना पुढच्या माणसाकडे त्यापेक्षा जास्त काय आहे हे हातात नसेल तर बदलू नका.

जुनं काय धरायचं, काय सोडायचं

इथे बहुतेक सगळे चुकतात. लोकांना जुने दिवस परत हवे असतात म्हणून जुनी जर्सी, जुनी घोषणा, जुने प्लेअर बाजूच्या रेषेवर उभे करणं, तेच ऑप्शनचे प्ले दोनदा खेळून टाळ्या घेणं हे सगळं सुरू होतं. ते करा, त्यात वाईट काही नाही, पण त्याने मॅच जिंकत नाहीत. जिंकायचे कशाने ते बघा.

1967 आणि 1968 ला डेव्हेनीसुद्धा 6-4, 6-4 होते. 1968 ची शेवटची मॅच ओक्लाहोमाने 47-0 ने घेतली. लोक चिडलेले. तेव्हा त्यांना काढलं नाही आणि त्यांनीही हट्ट धरला नाही, तरुण असिस्टंट ऑस्बोर्नला ऑफेन्स नव्याने मांडायला दिला. आणि 1969 ला एक गोष्ट केली जी त्या काळी कोणीच करत नव्हतं. बॉइड एप्ली नावाचा पोल व्हॉल्ट करणारा पोरगा, पाठीला दुखापत झाल्याने उड्या बंद झालेल्या, तो जिममध्ये एकटा वजनं उचलत बसायचा आणि त्याला बघून दुखापत झालेले फुटबॉलचे प्लेअर पण तेच करायला लागले आणि परत आले ते आधीपेक्षा दणकट होऊन. ऑस्बोर्नच्या ते लक्षात आलं. तोवर सगळीकडे समज असा की वजनं उचलली की माणूस मंद होतो. डेव्हेनींनी एप्लीला ठेवून घेतलं पण बजावलं की एक जरी प्लेअर स्लो झाला तर तुझी नोकरी गेली. पुढच्याच दोन वर्षांत दोन टायटल.

दुसरी गोष्ट वॉक-ऑन. म्हणजे स्कॉलरशिप नसताना स्वतःच्या खर्चाने टीममध्ये येणारी पोरं. 1970 च्या दशकात स्कॉलरशिपवर मर्यादा आली, सुरुवातीला 105, आणि मोठ्या टीम्सचं पोरं साठवून ठेवणं बंद झालं. ऑस्बोर्ननी त्यातून वाट काढली, राज्यातल्या गावागावांतली शेतकऱ्यांची पोरं, जिथे शाळेत पुरेशी मुलं नसतात म्हणून आठ आठ जणांचं फुटबॉल खेळतात, अशी पोरं वॉक-ऑन म्हणून आणायची, तीन वर्षं जिममध्ये घालायची, चौथ्या पाचव्या वर्षी ती लाइनमध्ये, म्हणजे समोरच्याला धक्का देणाऱ्या पुढच्या फळीत, उभी राहायची. शेजारच्या आजोबांचे धाकटे भाऊ त्यातलेच, चार वर्षांत एकंदर अकरा स्नॅप म्हणजे अकरा प्ले खेळले, हे ते आकडा लक्षात ठेवून सांगतात आणि भावाचा फोटो अजून पाकिटात आहे. गावातलं एक पोरगं टीममध्ये असलं की अख्खं गाव दर शनिवारी रेडिओ लावून बसायचं.

म्हणजे धरायचं काय, तर शरीर घडवणं, लाइन, घरची पोरं, आणि चुकल्यावर माणूस न काढता पद्धत बदलणं. ऑस्बोर्ननीही शेवटी तेच केलं, 80 च्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडाच्या टीम्स नुसत्या वेगावर मारत होत्या तेव्हा त्यांनी डिफेन्स बदलून त्यात वेगवान पोरं आणली, आणि मग 1994. सोडायचं काय, तर आम्ही नेब्रास्का आहोत म्हणून समोरचा घाबरेल ही कल्पना. आज जी पोरं रिक्रूट होतायत त्यांच्या जन्माच्या आधी शेवटचं टायटल आलंय. त्यांच्यासाठी ते इतिहासाचं पुस्तक आहे.

कोच निवडताना

2017 च्या डिसेंबरमध्ये स्कॉट फ्रॉस्ट आला तेव्हा मी ऑफिसमध्ये पेढे वाटले होते, खरंच. घरचा पोरगा, वुड रिव्हर गावचा, 1997 च्या टायटल टीमचा क्वार्टरबॅक, आणि त्याच वर्षी त्याने सेंट्रल फ्लोरिडाची टीम एकही मॅच न हरता आणली होती. सात वर्षांचं 35 मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट. याहून चांगली निवड त्या दिवशी कोणालाही दिसत नव्हती आणि मला आजही ती निवड चूक होती असं म्हणायला जड जातं. पण नंतर जे केलं ते चूक होतं. पहिल्या वर्षी 4-8, दुसऱ्या वर्षीही हरत असताना नोव्हेंबर 2019 मध्ये कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढवून 2026 पर्यंत नेलं. मग 2022 च्या सप्टेंबरमध्ये जॉर्जिया सदर्नने आमच्याच मैदानावर 45-42 हरवल्यावर त्याला काढला, तेव्हा 15 मिलियन द्यावे लागले. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर निम्मे. तीन आठवड्यांचे साडेसात मिलियन.

त्यामुळे कोणी विचारलं तर मी तीन गोष्टी सांगतो. एक, आपल्या मातीतला आहे म्हणून घेऊ नका आणि म्हणून नाकारूही नका, त्याने पडलेलं घर याआधी उभं केलंय का ते बघा. फ्रॉस्टनंतर आमच्याकडे आलेल्या मॅट रूलचं मला हेच आवडलं, टेम्पलला पहिल्या वर्षी 2-10, दुसऱ्या वर्षी 6-6, मग दहा विजय. बेलरला, जिथे मोठं प्रकरण होऊन सगळं कोसळलं होतं, तिथे 1-11, मग 7-6, मग 11-3. दोन्हीकडे पहिलं वर्ष भयाण आणि तिसरं वर्ष दणदणीत, म्हणजे माणूस काहीतरी पायाशी बांधतो. मधे प्रोफेशनल टीमबरोबर त्याचं नाही जमलं, पण ते काम वेगळं, तिथे पोरं घडवायची नसतात. दोन, मुलाखतीत त्याला प्ले विचारत बसू नका, लाइनचा कोच कोण आणणार, जिमचा माणूस कोण, आणि मागच्या ठिकाणाहून किती जण बरोबर यायला तयार आहेत ते विचारा, ज्याच्या मागे माणसं येतात तो कोच. कर्ट सिग्नेटी इंडियानाला आला तेव्हा जेम्स मॅडिसनमधून स्टाफ आणि प्लेअरचा जथाच बरोबर आला आणि 3-9 ची टीम 2024 ला एका वर्षात 11 जिंकून प्लेऑफला गेली. तीन, बायआउटचा, म्हणजे कोचला मधेच काढलं तर द्यायच्या पैशांचा, कागद वकिलाइतकाच अकाउंटंटनेही वाचावा आणि जिंकल्याशिवाय कॉन्ट्रॅक्ट वाढवू नये, कितीही अफवा येऊ देत की दुसरं कॉलेज त्याला पळवणार आहे.

आणि कोच निवडला की मग थांबा. निक सेबनसुद्धा 2007 ला अलाबामात पहिल्या वर्षी 7-6 होता, लुइझियाना-मनरोसारख्या टीमकडून घरी हरला होता. मिशिगनने 2020 ला 2-4 झाल्यावर जिम हार्बॉला काढलं नाही, पगार कमी केला, त्याने स्टाफ बदलला, तरुण डिफेन्स कोच आणला आणि 2023 ला 15-0 करून टायटल. थांबणं म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे, काय बदललं पाहिजे ते तोंडावर सांगणं आणि ते बदलेपर्यंत माणसाच्या मागे उभं राहणं.

पहिला हिवाळा जिममध्ये

नवा कोच डिसेंबरमध्ये येतो, पहिली मॅच सप्टेंबरच्या आसपास. हे आठ-नऊ महिने फॅन्सना दिसत नाहीत आणि सगळं इथेच ठरतं. क्वार्टरबॅकच्या बातम्या येतील, कुठला स्टार पोरगा येतोय त्याच्या बातम्या येतील, तुम्ही ऑफेन्सिव्ह लाइनकडे बघा. अठरा वर्षांचा पोरगा शाळेतून अडीचशे पाउंडाचा येतो, त्याला तीनशे पाउंडाचा आणि तरी हलका करायला दोन-तीन वर्षं लागतात, याला शॉर्टकट नाही, पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलायला निघालेल्या प्लेअरच्या यादीतून, एखाद-दोन तयार लाइनमन मिळतात पण पाचच्या पाच मिळत नाहीत. आणि बिग टेनमध्ये नोव्हेंबर म्हणजे वारा, ओला बॉल, समोर आयोवा नाहीतर विस्कॉन्सिन, तिथे पास चालत नाही, तीन यार्ड हवे असतील तर धक्का देऊनच घ्यावे लागतात.

मॅच बघताना एक करून बघा. बॉल कोणाकडे जातो ते एक ड्राइव्ह, म्हणजे बॉल आपल्याकडे आहे तोवर, विसरा आणि फक्त आपल्या लाइनमधल्या डाव्या गार्डकडे बघा. स्नॅप झाल्यावर, म्हणजे प्ले सुरू झाल्यावर, त्याचा पहिला पाय पुढे पडतो की मागे, समोरच्याचे खांदे वर उठतात की याचे, आणि प्ले संपल्यावर तो पडलेल्या आपल्या माणसाला उठवायला जातो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो. चौथ्या क्वार्टरमध्ये परत बघा. स्कोअरबोर्ड न बघता कळतं की प्रोग्रॅम कुठल्या दिशेने चाललाय. मला हे आजोबांनी शिकवलं.

पोरं कुठून आणायची

आधी घराचं दार सांभाळा. नोआ फँट ओमाहाचा, गेला आयोवाला आणि तिथून पहिल्या फेरीत एनएफएलमध्ये, म्हणजे प्रोफेशनल लीगमध्ये. झेव्हियर वॉट्स ओमाहाचाच, नोट्र डेमला गेला आणि देशातला सर्वोत्तम डिफेन्स प्लेअर ठरला. राज्यात दरवर्षी मोजकीच अशी पोरं निघतात, त्यातली दोन जरी सुटली तरी भरून काढायला हजार मैल लांबून कोणालातरी पटवावं लागतं. शाळेच्या कोचशी वर्षभर बोला, फक्त सही करायच्या आठवड्यात नाही. नवव्या यत्तेतल्या पोराच्या मॅचला जाऊन उभे राहा, आईवडिलांना नाव घेऊन हाक मारा, छोट्या गावात हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

मग पोर्टल. 2021 पासून प्लेअर कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून स्वतःच्या नावावर पैसेही कमावू शकतो, एनआयएल म्हणतात ते. याने घसरलेल्या प्रोग्रॅमला आशा आली, पूर्वी पाच वर्षं लागायची ते दोन वर्षांत होऊ शकतं, इंडियाना बघितलंच. पण ज्या दाराने माणसं येतात त्याच दाराने जातात. माझं मत असं की पोर्टल मिठासारखं वापरा, जिथे भोक आहे तिथे एक अनुभवी माणूस, आणि बाकी घर शाळेतून आणलेल्या पोरांनी बांधा, कारण जो चार वर्षं त्या जिममध्ये घाम गाळतो तोच नोव्हेंबरच्या थंडीत तुमच्यासाठी धक्का देतो. आणि दरवर्षी जानेवारीत किती आले हे मोजण्याआधी किती राहिले ते मोजा.

वॉक-ऑनचं मात्र मनाला लागतं. 2025 पासून कोर्टातल्या नव्या सेटलमेंटमुळे फुटबॉलच्या रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीवर, एकूण 105 चीच मर्यादा आली. नेब्रास्कात एके काळी दीडशेच्या आसपास पोरं कपडे करून उभी राहायची. आता गावाकडच्या पोराला "ये, तीन वर्षं थांब, बघू" असं सांगायला जागाच कमी. माझा आग्रह आहे की 105 मधल्या वीस-पंचवीस जागा तरी राज्यातल्या पोरांसाठी मुद्दाम ठेवाव्यात, त्यातून एखाद-दोनच स्टार्टर निघतील पण प्रॅक्टिसमध्ये रोज जीव तोडून खेळणारी माणसं तीच असतात आणि स्पेशल टीम्सवर, म्हणजे किक-पंटच्या वेळी उतरणाऱ्या टीममध्ये, धावणारीही तीच.

थोडक्यात हरणं बंद करा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा म्हणून जरा लांबण लावतो. 2021 ला आम्ही 3-9 होतो, आणि नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा कमी पॉइंटने. सीझनभरचे पॉइंट मिळवले तर आम्ही समोरच्यांपेक्षा 63 जास्त मारले होते! ओहायो स्टेट 26-17, मिशिगन 32-29, ओक्लाहोमा 23-16, सगळ्यांना शेवटपर्यंत दमवलं आणि सगळ्यांना मॅच देऊन टाकली. फ्रॉस्टच्या काळात एका स्कोअरच्या फरकाने संपलेल्या मॅचमध्ये 5 विजय आणि 22 पराभव. लोक म्हणायचे नशीब फुटकं आहे. मीही म्हणायचो. पण एखाद-दोन वर्षं नशीब, बावीसदा नशीब नसतं.

जवळून बघा काय झालं ते. मिशिगन स्टेटविरुद्ध चौथा क्वार्टर, सात पॉइंटने पुढे, पंट करायचाय, म्हणजे बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना द्यायचाय. सगळी टीम एका बाजूला धावली आणि पंटरने बॉल मारला दुसऱ्या बाजूला. रिटर्नर समोर मोकळं मैदान, 62 यार्ड, टचडाउन, पुढे ओव्हरटाइममध्ये हार. त्याच वर्षी आयोवाविरुद्ध 21-6 ने पुढे होतो, मग पंट ब्लॉक झाला, टचडाउन, 28-21 हार. 2022 ची पहिली मॅच आयर्लंडमध्ये डब्लिनला, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 ने पुढे, आणि पुढे असताना ऑनसाइड किक मारली, म्हणजे बॉल मुद्दाम जवळ मारून परत आपणच घ्यायचा प्रयत्न, तो समोरच्यांनी घेतला आणि मॅच फिरली, 31-28. मी पहाटे उठून नाश्त्याचं सगळं आवरून टीव्हीसमोर बसलो होतो, बायकोने मागून विचारलं की जिंकत असताना असं का केलं, आणि मला उत्तर देता आलं नाही.

मग करायचं काय. स्पेशल टीम्सना पूर्णवेळ कोच द्या, दुसरं काम सांभाळून करणारा नको. पंट, किक, रिटर्न याला प्रॅक्टिसचा उरलासुरला वेळ न देता सुरुवातीचा ताजा वेळ द्या, आणि चांगले स्टार्टर त्यात घाला, दुखापतीची भीती धरून बाजूला ठेवू नका. दर प्रॅक्टिस एका प्रसंगाने संपवा: स्कोअर 10-10, वीस सेकंद, बॉल स्वतःच्या अर्ध्यात, टाइमआउट एक, आता काय? हे क्वार्टरबॅकने मोठ्याने सांगायचं, कोचने नाही. शंभरदा सांगितलं की मॅचमध्ये हात आपोआप बरोबर वागतो. बॉल हातातून सुटला की तो प्लेअर बाहेर, नाव कितीही मोठं असो, पण त्याला शिक्षा म्हणून मोडू नका, पुढच्या ड्राइव्हला परत पाठवा, नाहीतर तो सांभाळून सांभाळून खेळतो आणि तसाच परत चुकतो. आणि पुढे असताना चौथ्या क्वार्टरमध्ये काय करायचं हे सोमवारी ठरवून कागदावर लिहा, शनिवारच्या आवाजात डोकं चालत नाही.

2023 ला रूलच्या पहिल्या वर्षीही हेच भूत होतं, टर्नओव्हरच्या, म्हणजे बॉल समोरच्यांना देऊन बसण्याच्या, यादीत आम्ही देशात जवळजवळ तळाला. म्हणजे कोच बदलला म्हणून सवय बदलत नाही, सवय घालवायला वेगळं काम करावं लागतं.

पैसा आणि बिल्डिंगा

थोडक्यात सांगतो. आता कॉलेज प्लेअरना थेट पैसे देऊ शकतं, 2025-26 साठी सगळे खेळ मिळून साडेवीस मिलियन डॉलरपर्यंत, त्यातला मोठा वाटा फुटबॉलला जातो. देणगीदारांना बिल्डिंगवर नाव आवडतं, लिंकनलाही ऑस्बोर्नच्या नावाची सुंदर नवी इमारत झाली आणि ती हवीच होती, पण देणगीदाराकडून पहिला डॉलर प्लेअरसाठी, दुसरा असिस्टंट कोचच्या पगारासाठी आणि तिसरा काचेच्या भिंतींसाठी अशी रांग लावा. आणि देणगीदाराला कोचच्या निवडीत बसवू नका, कितीही मोठा असू दे.

आपण फॅन्सनी काय करायचं

आमच्याकडे समोरची टीम हरून बाहेर जाताना, आणि जिंकून जाताना सुद्धा, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ही गोष्ट 3-9 च्या वर्षीही सुटली नाही आणि ती कधीच सुटू नये. 30 ऑगस्ट 2023 ला याच स्टेडियममध्ये मुलींची व्हॉलीबॉल मॅच ठेवली तर 92,003 माणसं आली. म्हणजे माया आटलेली नाही. पण प्रत्येक हरलेल्या शनिवारी रात्री कोचला काढा म्हणून ओरडणं हे आपणच करतो, आणि वर बसलेले लोक ते ऐकतात, 2003 ला ऐकलं, 2014 ला ऐकलं. मी ठरवलंय की तीन सीझन पूर्ण होईपर्यंत हेड कोचच्या नोकरीबद्दल तोंड उघडायचं नाही, लाइनबद्दल, पंटबद्दल हवं तेवढं बोलायचं.

वर्षाची अपेक्षाही आधीच ठरवून ठेवा. पहिल्या वर्षी फक्त एवढं की चौथ्या क्वार्टरमध्ये पोरं पळतायत का. दुसऱ्या वर्षी बाउल. तिसऱ्या वर्षी कोणीतरी मोठा हरवायचा. मधे चार सलग हार येतील, 2024 ला आल्याच, 5-1 वरून इंडियानाने 56-7 मारलं आणि पुढे तीन अजून गेल्या. तेव्हा रूलनी नोव्हेंबरमध्ये, सीझन चालू असताना, डेना होल्गरसनला आणून ऑफेन्स त्याच्या हाती दिला. आपल्याच माणसाकडून काम काढून घेणं कोणालाच सोपं नसतं, ते केलं.

23 नोव्हेंबर 2024 ला विस्कॉन्सिन घरी आलं, त्यांच्याकडून आम्ही सलग दहा हरलो होतो. 44-25 ने जिंकलो. सहावा विजय. पोरं कठड्यावरून उड्या मारून मैदानात उतरली, आजोबा जागेवरच उभे, ब्लँकेट खाली पडलेलं. सहा दिवसांनी आयोवाने परत शेवटच्या सेकंदाला फील्ड गोल मारून 13-10 ने हरवलं, तोच स्कोअर, यावेळी 53 यार्डावरून. मग डिसेंबरच्या शेवटी न्यूयॉर्कला यांकी स्टेडियममध्ये बोस्टन कॉलेजविरुद्ध बाउल. डेव्हेनींनी 1962 ला आपल्या पहिल्या सीझनचा बाउल जुन्या यांकी स्टेडियममध्येच जिंकला होता, मियामीला 36-34 हरवून, हे आजोबांनी मला आठवडाभर आधीपासून चारदा सांगितलं. आपण 20-2 ने पुढे होतो, ते 20-15 पर्यंत आलं, पोटात गोळा आला, पण यावेळी सोडलं नाही. 2015 नंतरचा पहिला बाउल विजय.

मी लगेच आजोबांना फोन लावला. मागे टीव्हीचा आवाज, त्यांची मुलगी ओरडत होती. ते म्हणाले, छान झालं, आणि मग विचारलं, "लाइनमधले पुढच्या वर्षी किती परत येतायत रे?"